माप कोणाच्या हाताचे?

द्वितीय वर्ष, बी. ए.

यंदा आपल्या महाविद्यालयाच्या जिमखान्याने मुलींच्या नेमबाजी संघासाठी एक एअर पिस्तूल विकत घ्यायचे ठरवले आहे. सूचनाफलकावर तो कागद लागला त्या दिवशी आम्ही सातजणींनी जिन्यात एवढा आरडाओरडा केला की, ग्रंथालयाचे शिपाईकाका डोळे वटारून बाहेर आले. आनंद दोन दिवस टिकला. तिसऱ्या दिवसापासून सल्ले सुरू झाले. कॅन्टीनमध्ये, बसस्टॉपवर, घरी, जिमखान्याच्या दारात, जो तो एकच वाक्य ऐकवू लागला, "मुलींसाठी आहे ना? मग छोटेसे, हलकेसे काहीतरी बघा!" सांगणाऱ्यांत दोन प्राध्यापक होते, माझा सख्खा मामा होता, आणि ज्याने पिस्तूल फक्त सिनेमात पाहिले आहे असा एक वर्गमित्रही होता. सगळ्यांच्या मनात आमच्याबद्दल माया होती यात शंका नाही. पण हे वाक्य चुकीचे आहे, आणि जिमखाना समितीने त्यावर विसंबून पैसे खर्च केले तर ते पिस्तूल वर्षभरात कपाटात जाऊन पडेल. म्हणून हा लेख.

माझा अधिकार काय, असे कोणी विचारील. फारसा नाही. मी एन. सी. सी.त आहे, कॅम्पमध्ये पालथे पडून पॉइंट टू-टूची रायफल चालवली आहे, आणि गेल्या पावसाळ्यापासून आठवड्यातले तीन दिवस दादरच्या एका रेंजवर दहा मीटर एअर पिस्तूल शिकते आहे. स्पर्धेत नाव घेण्याजोगे अजून काही केलेले नाही. पण नवशिकीचे कुठे अडते हे नवशिकीलाच ताजे ठाऊक असते. मोठे खेळाडू ते विसरून गेलेले असतात.

माझी पहिली बंदूक गिरगाव चौपाटीवरची. मी तेव्हा आठ-नऊ वर्षांची असेन. फळ्यावर रंगीत फुगे लावलेले, समोर छर्र्यांची बंदूक. माझा आतेभाऊ माझ्याहून लहान, पण फुगेवाल्याने त्याच्या हातात बंदूक सरळ देऊन टाकली. माझी पाळी आली तेव्हा मात्र दस्ता त्याने स्वतःच धरला, नेमही स्वतःच धरला आणि मला म्हणाला, "ताई, तू फक्त खटका दाब." फुगा फुटला. घरच्यांनी टाळ्या वाजवल्या. तो फुगा मी फोडलेला नाही हे मला त्याही वयात कळले होते. "छोटेसे, हलकेसे" हे शब्द कानावर आले की मला तो फुगेवाला आठवतो. तोही प्रेमानेच वागला होता!

आता बांगड्या भरताना काय होते ते पाहा. लालबागच्या बाजारात आईबरोबर मी कासाराकडे जाते. "बायकांची बांगडी द्या" म्हटल्यावर तो कधी काही काढून देत नाही. तो आधी आपला हात हातात घेतो, अंगठ्याखालचे हाड दाबून बघतो आणि मग म्हणतो, "दोन-चार." आईचा हात दोन-आठ, माझा दोन-चार, आणि शाळेत गोळाफेक करणाऱ्या माझ्या मैत्रिणीचा दोन-दहा. तिघीही बायकाच. सहा रुपयांच्या काचेच्या बांगडीसाठी जेवढी चौकशी होते तेवढी लाखाच्या घरातल्या पिस्तुलासाठी होऊ नये, याला काय म्हणावे?

स्पर्धेच्या पिस्तुलाची मूठ ही खरोखरच बांगडीसारखी मापाची असते. लहान, मध्यम, मोठी. उजव्या हाताची वेगळी, डाव्या हाताची वेगळी. पहिले तीन महिने मी रेंजवरचे पिस्तूल वापरले. त्याची मूठ मध्यम मापाची होती. माझे बोट चापापर्यंत जेमतेम पोचे, म्हणजे नुसते टोक. टोकाने चाप ओढायला गेले की पिस्तूल मागे न येता बाजूला ढकलले जाई, आणि माझे छर्रे काळ्या वर्तुळाच्या डावीकडे एका गठ्ठ्याने जाऊन बसत. मला वाटे, माझे मनच थाऱ्यावर नाही. घरी येऊन मी श्वासाचे व्यायाम करी! शेवटी आमच्या प्रशिक्षक बाईंनी एक दिवस लहान मूठ बसवून दिली. बोटाचे पहिले पेर चापावर सपाट बसले, आणि त्याच संध्याकाळी गठ्ठा मधे सरकला. तीन महिने मी स्वतःला दोष देत होते. दोष दोन बोटांच्या अंतराचा होता. किती मुली या तीन महिन्यांतच "हे आपले काम नव्हे" म्हणून घरी बसल्या असतील, कोण जाणे.

तेव्हा "छोटे" म्हणजे काय हे आधी ठरवावे. मूठ हाताच्या मापाने छोटी हवी, पिस्तूल छोटे नको. नेम धरताना पुढचा आणि मागचा असे दोन 'साइट' एका रेषेत आणायचे असतात, आणि त्या दोहोंत जितके अंतर जास्त तितकी हाताची चूक कमी फळते. हिशोब साधा त्रैराशिकाचा आहे. दोन साइटमध्ये १५ सेंटिमीटर अंतर असेल आणि आपल्या हातून एका मिलिमीटरची चूक झाली, तर दहा मीटरवर छर्रा साडेसहा सेंटिमीटरहून अधिक चुकतो. अंतर ३० सेंटिमीटर असेल तर तीच चूक निम्म्यावर येते. निशाणाच्या अगदी मधल्या, दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास आहे साडेअकरा मिलिमीटर, म्हणजे शर्टाच्या गुंडीएवढा! नवशिक्या मुलीला आखूड पिस्तूल देणे म्हणजे पोहायला शिकणाऱ्याला ऐन भरतीत उतरवण्यासारखे आहे.

"हलके" या शब्दाची गोष्ट थोडी निराळी आहे, आणि इथे मला विरुद्ध पक्षाचे थोडे ऐकावेही लागेल. नियमाप्रमाणे एअर पिस्तूल दीड किलोपर्यंत चालते. प्रत्यक्षात बरीचशी पिस्तुले किलोभराच्या आसपास असतात. आमच्या चाळीत माझी आई रोज भरलेली कळशी घेऊन जिना चढते, तिच्या मुलीला एक किलो जड होईल हे ऐकून हसू येते. पण कळशी कमरेवर असते. पिस्तूल एका हाताने, हात पूर्ण लांब करून, दुसऱ्या कशाचाही आधार न घेता धरायचे असते, आणि तसे साठ वेळा. पहिल्या आठवड्यात विसाव्या छर्र्यानंतर माझा खांदा लाकडासारखा होई. म्हणून सुरुवातीला वजन कमी करता येईल, पुढे वाढवता येईल असे पिस्तूल घ्यावे. तशी सुटी वजने लावता-काढता येणारी पिस्तुले मिळतात. आणि खांदा तयार करायला जिमखान्याचा एक पैसा लागत नाही. एक लिटर पाण्याची भरलेली बाटली म्हणजे एक किलो. ती मी रोज सकाळी गॅलरीत हात लांब करून धरते. समोरच्या चाळीतल्या आजींना वाटते, मी सूर्याला अर्घ्य देते आहे.

एक गोष्ट मला नियमावली वाचल्यावर कळली आणि मी थक्क झाले. दहा मीटर एअर पिस्तुलात बायकांसाठी वेगळे पिस्तूल नाहीच. वजनाची मर्यादा तीच, अंतर तेच, चापाचा ताण किमान ५०० ग्रॅम हवा तोही तोच. स्पर्धेआधी चापाला ५०० ग्रॅमचे वजन टांगून पिस्तूल उचलून बघतात. ते वजन मुलामुलींत भेद करीत नाही. पूर्वी बायकांना ४० फैरी आणि पुरुषांना ६० असा फरक होता, तोही २०१८ पासून गेला. आता दोघांनाही ६०, सव्वा तासात. एक नियम मात्र वाचून गंमत वाटली. पिस्तूल धरणाऱ्या हातात घड्याळ किंवा कडे-बांगडी घालायची नाही. आईला हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, "उजवा हात रिकामा? लग्न झाल्यावर काय करशील?" मी म्हटले, "डाव्या हातात डझनभर भरीन."

आता थोडे गंभीर. आमच्या सातजणींतल्या एकीला स्पर्धाबिर्धा काही नको आहे. ती रात्री शेवटच्या आधीच्या गाडीने क्लासहून परत येते, आणि तिला पर्समध्ये रिव्हॉल्व्हर हवे आहे. तिला हसणाऱ्यांचा मला राग येतो. डिसेंबर २०१२ ची दिल्लीची घटना सर्वांना माहीत आहे. ऑगस्ट २०१३ ची शक्ती मिलची घटना तर आपल्या महालक्ष्मीची आहे. माझे आजोबा गिरणीत साचेखात्यात होते. बंद पडलेल्या गिरणीच्या भिंतीआडची ती बातमी आमच्या घरात मोठ्याने कोणी वाचली नव्हती, असे आई सांगते. जानेवारी २०१४ मध्ये कानपूरच्या सरकारी शस्त्र कारखान्याने खास स्त्रियांसाठी म्हणून 'निर्भीक' नावाचे .३२ रिव्हॉल्व्हर बाजारात आणले. वजन सुमारे अर्धा किलो, किंमत १ लाख २२ हजार ३६० रुपये, आणि सोबत दागिन्यांच्या डबीसारखी मरून रंगाची पेटी. भावना समजते. पण त्या पेटीवरूनच कळते की, ही निवड करताना डोळ्यांसमोर बाई होती, बाईचा हात नव्हता.

काडतूस तेच ठेवून शस्त्र हलके केले की हाताला बसणारा धक्का वाढतो. याला विज्ञान शाखेत जाण्याची गरज नाही. धक्क्याची भीती एकदा मनात बसली की चाप ओढण्याआधीच डोळे मिटतात आणि मनगट खाली पडते. त्यातून नळी आखूड, म्हणजे वर सांगितलेले त्रैराशिक उलटले. रिव्हॉल्व्हरचा घोडा आधी मागे न खेचता नुसत्या चापाने गोळी झाडायची तर बोटाला जोरही बराच लागतो. अनेक वर्षे सराव असलेल्याच्या हाती ते शस्त्र ठीक. नवशिकीसाठी यापेक्षा अवघड शस्त्र शोधून सापडणार नाही. आणि तेच तिला "सोपे" म्हणून दिले जाते. ज्यांनी गर्दीच्या वेळी करी रोडला गाडी पकडली आहे त्यांनी डोळ्यांसमोर आणावे, पर्स कुठे असते, हात कुठे असतो.

शिवाय कायदा आहेच. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे २१ वर्षे पुरी झाल्याशिवाय आज असे शस्त्र बाळगता येत नाही. २०१६ च्या नियमांनी शस्त्र सुरक्षित हाताळण्याचे प्रशिक्षण घेणे आवश्यक केले आहे. मुंबईत परवाना द्यायचा की नाही हे पोलीस आयुक्तालय ठरवते. आम्ही सगळ्या एकोणीस-वीसच्या, म्हणजे प्रश्नच मिटला. याउलट .१७७ मापाचे, २० जूलपर्यंत शक्तीचे एअर पिस्तूल घ्यायला परवाना लागत नाही, धक्का जवळजवळ नाही आणि आवाज फटाक्याच्या टिकलीएवढा. नवीन बाईने सुरुवात इथूनच करावी असे माझे स्पष्ट मत आहे, मग तिला पुढे स्पर्धा करायची असो, पोलीस भरतीत जायचे असो, की पुढेमागे घरात परवान्याचे शस्त्र ठेवायचे असो. माझ्या त्या मैत्रिणीला मी म्हटले, "वर्षभर आमच्याबरोबर ये. मग ठरव." ती येते आहे. तिची भीती मात्र पिस्तुलाने जाणार नाही, स्टेशनबाहेरच्या दिव्यांनी जाईल. पण तो वेगळा लेख आहे.

घरच्यांचे सांगायचे राहिले. आजीला मी पिस्तूल शिकते म्हटल्यावर तिने कपाळाला हात लावला. आमच्या भागात या वस्तूचे नाव पिस्तूल नव्हे, 'घोडा'. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, आजोबांची नोकरी त्यात गेली. नंतरच्या वर्षांत गल्लीतली कोणाकोणाची पोरे घोड्याच्या नादाने कुठे गेली हे आजी बोटांवर मोजून सांगते. १६ जानेवारी १९९७ ला डॉ. दत्ता सामंतांना पवईत गोळ्या घालून मारले तेव्हा आजोबा दोन दिवस जेवले नव्हते. अशा घरात "आजी, हा खेळ आहे" हे पटवणे सोपे नाही. शेवटी मी तिला निशाणाचा वापरलेला कागद आणून दाखवला. तिने भोके मोजली, मधले भोक बोटाने चाचपले आणि विचारले, "एवढंच? कोणाला लागत नाही ना?" तो कागद तिने देवघराच्या फळीखाली अंथरला आहे.

बाबांचे मत अधिक कामाचे. ते एका बँकेच्या दारात बाराबोरची बंदूक घेऊन उभे असतात. दहावीनंतर शिकता आले नाही, म्हणून माझ्या प्रत्येक फीच्या पावतीची झेरॉक्स काढून ठेवतात. त्यांना विचारले, "बंदूक जड वाटते का?" ते म्हणाले, "पहिली तीन वर्षे खांदा गळून जायचा. मग मोच्याकडून पट्टा चार बोटे कमी करून घेतला. बंदूक तीच आहे."

आपल्याकडच्या मुली काय करू शकतात हे सांगायला लांब जायला नको. अंजली भागवत याच दादरच्या कीर्ती महाविद्यालयाच्या, एन. सी. सी.तून नेमबाजीत आल्या, आणि २००० साली सिडनी ऑलिंपिकमध्ये एअर रायफलच्या अंतिम फेरीत पोचल्या. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१३ मध्ये चांगवॉनच्या विश्वचषकात २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण मिळवले आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेतही. मनू भाकरची दोन पदके, पॅरिस २०२४, सगळ्यांच्या तोंडी आहेत. पण मला तिची टोकियोची हार जास्त शिकवते. तिथे २०२१ मध्ये ऐन फेरीत तिच्या पिस्तुलात बिघाड झाला, वेळ गेला, ती बारावी आली. एवढ्या मोठ्या खेळाडूचे यंत्र बिघडू शकते, तर आपण विकत घेताना ते नीट उघडून पाहायला नको?

म्हणून जिमखाना समितीला माझे काही सांगणे आहे. पहिले हे की, दुकानातल्या कॅटलॉगवरून पिस्तूल ठरवू नये. आधी आम्हां सातजणींना रेंजवर नेऊन दोन-तीन प्रकारची पिस्तुले हातात धरू द्यावीत. पिस्तुलाचा सांगाडा एकच घ्यावा, पण मुठी तीन घ्याव्यात. त्या स्क्रूने बसतात आणि निघतात, आणि पिस्तुलाच्या किमतीपुढे त्यांची किंमत थोडी आहे. मूठ लाकडी असावी. लाकडाला कानस लावता येते, कमी पडले तिथे पुट्टी भरता येते; मोठमोठे नेमबाजही हेच करतात, आणि परळ-लालबागला चांगल्या सुतारांची वाण नाही. चाप पुढे-मागे सरकवता येणारा असावा. छर्रा न भरता नुसता चाप ओढून सराव करायची सोय असावी, कारण दहा बाय बाराच्या खोलीत, बाईंनी शिकवल्याप्रमाणे रिकाम्या भिंतीकडे तोंड करून, आम्हांला तेवढेच करता येते, आणि निम्मे शिक्षण त्यातच आहे. जुने पिस्तूल स्वस्तात मिळत असेल तर जरूर घ्यावे, मात्र हवेच्या नळकांड्यावरची तारीख आधी वाचावी. त्याचे आयुष्य साधारण दहा वर्षांचे धरतात, आणि त्यात २०० बारपर्यंत दाबाची हवा भरायची असते. प्रत्येक फैरीला दांडा दाबून हवा भरावी लागते असले जुने पिस्तूल मात्र नको. साठ वेळा तो दांडा दाबल्यावर हातात नेम धरायला काही उरत नाही.

डोळाही तपासावा. दोन्ही हात लांब करून तळव्यांमध्ये एक खिडकी करायची, तिच्यातून भिंतीवरचे घड्याळ पाहायचे आणि एकेक डोळा मिटायचा. ज्या डोळ्याने घड्याळ दिसत राहते तो आपला नेमाचा डोळा. आमच्यातल्या एकीचा हात उजवा आणि डोळा डावा निघाला. तिला आता मान थोडी वळवून उभे राहायला शिकवताहेत. आणि छर्रे शिशाचे असतात, तेव्हा जिमखान्यात साबण ठेवावा. हात न धुता डबा उघडायचा नाही, हा आमच्या रेंजवरचा पहिला नियम आहे. दुसरा नियम नळीचे तोंड निशाणाकडे आणि बोट चापाबाहेर. खरे म्हणजे हाच पहिला, पण आम्हांला भूक फार लागते!

गेल्या शनिवारी आम्ही सातजणींनी जर्नलच्या कोऱ्या पानांवर आपापला पिस्तुलाचा हात ठेवून पेन्सिलीने त्याची कड काढली आहे. अंगठ्याच्या बेचक्यापासून तर्जनीच्या पहिल्या पेरापर्यंतचे अंतर प्रत्येकीने मिलिमीटरमध्ये खाली लिहिले आहे. सर्वांत लहान आणि सर्वांत मोठा यांत १९ मिलिमीटरचा फरक निघाला. सातही कागद जिमखान्याच्या टेबलाच्या वरच्या खणात, कॅरमच्या सोंगट्यांच्या डब्याखाली ठेवले आहेत. ऑर्डर देण्याआधी ते कृपया बघावेत. त्यांतला एक हात डावा आहे.